पिशवीगणिक हिशोब ठेवा: आनुवंशिक लोहसाठ्यावर रक्त काढण्याचा उपचार

पत्र थोडक्यात असं: ‘माझे मिस्टर ४६ वर्षांचे, वजन ५८ किलो. फोर्टला बँकेत नोकरी, राहायला आम्ही भांडुपला. दोनेक वर्षांपासून त्यांना सारखा थकवा आहे, बोटांचे सांधे दुखतात, डायबिटीसची गोळी चालू आहे. आता तपासणीत फेरिटिन १६४० आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ८२ टक्के आलं. एमआरआयमध्ये लिव्हरमध्ये लोह साठलेलं दिसलं. जनुकांची तपासणी करून डॉक्टरांनी आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस असं निदान केलं आणि दर पंधरा दिवसांनी ३५० मिलिलिटर रक्त काढायला सांगितलं. हिमोग्लोबिन १४ आहे. सासूबाई म्हणतात, एवढं रक्त काढलं तर माणूस खंगून जाईल. त्यापेक्षा वैद्यांकडे जळवा लावून घ्या आणि पथ्य पाळा. असं किती दिवस काढायचं? त्या रक्ताचं काय होतं, कुणाला देता येतं का? खायला काय द्यायचं? माझा जीव थाऱ्यावर नाही.’ – एक वाचक, भांडुप

ताई, डॉक्टरांनी सांगितलेला उपाय बरोबर आहे आणि या आजारात पहिल्यांदा तोच करतात. रक्त काढल्यामुळे सहसा काही बिघडत नाही. ते अर्धवट सोडलं, मोजमाप ठेवलं नाही किंवा मधेच कुणी ‘शक्तीचं’ औषध सुरू केलं, की बिघडतं. म्हणून तुमच्या प्रश्नांच्या थोडं पुढे जाऊन सगळं सांगतो. आधी दोन आकडे समजून घ्या: फेरिटिनवरून अंगात लोहाचा साठा किती आहे याचा अंदाज येतो, आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के लोहाने भरलेलं आहे ते.

निरोगी पुरुषाच्या अंगात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर त्यातलं रोज १ ते २ मिलिग्रॅम बाहेर जातं आणि तेवढंच अन्नातून आत येतं. जादा लोह लघवीवाटे किंवा घामावाटे काढून टाकायची सोय शरीरात नाही. त्यामुळे सगळी मदार किती आत घ्यायचं यावर असते आणि तो हुकूम लिव्हरमध्ये तयार होणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक देतं. तुमच्या यजमानांच्या शरीरात जनुकातल्या दोषामुळे हेप्सिडिन कमी पडतं, म्हणून गरज नसतानाही आतडं लोह घेतच राहतं. टाकी भरली तरी नळ बंद होत नाही आणि टाकीला खालून तोटीही नाही, अशी ही अवस्था आहे. ते लोह वर्षानुवर्षं लिव्हर, स्वादुपिंड, हृदय, पिच्युटरी ग्रंथी आणि सांध्यांत साठत जातं. त्यांचा थकवा आणि बोटांचं दुखणं याच्याशी जुळतं. डायबिटीसही यातूनच आला असू शकतो.

आता सासूबाईंची शंका. त्या काळजीपोटीच बोलतात, तेव्हा त्यांना हे शांतपणे समजावून सांगा. ३५० मिलि रक्त काढल्यावर त्यातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो. तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात. त्या नव्या पेशी बनवायला हाडांतल्या मज्जेला लोह लागतं आणि ते ती लिव्हरमधल्या साठ्यातून ओढून घेते. हाच उपचार आहे. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. हिमोग्लोबिन १४ असताना ३५० मिलि रक्तात ४९ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे साधारण १६५ मिलिग्रॅम लोह एका वेळी बाहेर जातं. कडक पथ्य पाळून दिवसाला फार तर १-२ मिलिग्रॅम लोह कमी आत जाईल. एका पिशवीचं काम पथ्यावर सोडलं तर तीन ते साडेपाच महिने लागतील, आणि तेवढ्या काळात नवं लोह आत येतच राहील.

जळवांचा हिशोब याच मापाने करा. एक जळू काही मिलिलिटर रक्त पिते, म्हणजे जेमतेम चार-पाच मिलिग्रॅम लोह. एका पिशवीची बरोबरी करायला तीस-चाळीस जळवा लागतील, त्याही दर पंधरवड्याला. किती रक्त गेलं याचं माप राहत नाही, चाव्यातून रक्त पुढेही वाहत राहतं आणि जळवेच्या पोटातल्या जंतूंमुळे जखम चिघळू शकते. डायबिटीस आणि लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाला हे करू नये.

पहिल्या पिशवीआधी काही गोष्टी पक्क्या करून घ्या. जनुकांच्या अहवालात दोष नेमका कोणत्या जनुकात सापडला, ते पत्रात नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार बहुतेक वेळा एचएफई जनुकातल्या सी२८२वाय या बदलामुळे होतो. हे जनुक १९९६ मध्ये सापडलं. आपल्याकडे तो बदल फार विरळा दिसतो. भारतात आढळणारा एच६३डी हा बदल एकटा असेल, तर त्याने एवढा लोहसाठा सहसा होत नाही. तेव्हा अहवालात फक्त ‘एच६३डी, एक प्रत’ असं लिहिलं असेल, तर ‘आणखी काही कारण आहे का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दारू, फॅटी लिव्हर, थॅलेसेमियाचा काही प्रकार, वर्षानुवर्षं घेतलेल्या लोहाच्या गोळ्या ही इथली नेहमीची कारणं. हेप्सिडिनशी संबंधित दुसऱ्या जनुकांतला दोषही असू शकतो. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची एनआयआयएच ही संस्था रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते. अहवाल संदिग्ध असेल तर तिथे विचारणा करावी का, हे डॉक्टर ठरवतील.

निदान पक्कं करण्यावर एवढा भर देण्याचं कारण आहे. ताप, सूज, फॅटी लिव्हर, दारू यांमुळे लोह फारसं न साठताही फेरिटिन वाढतं. अशा माणसाचं केवळ फेरिटिन बघून रक्त काढत राहिलं तर तो ॲनिमिक होतो. पेशींतून लोह बाहेर सोडणाऱ्या फेरोपोर्टिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर त्याच्या एका प्रकारात फेरिटिन खूप, पण सॅच्युरेशन साधारण असतं आणि त्या रुग्णांचं हिमोग्लोबिन दोन-चार पिशव्यांतच घसरतं. तुमच्या यजमानांचं सॅच्युरेशन ८२ टक्के आहे, एमआरआयमध्येही लोह दिसलं आहे. म्हणजे साठा खरा आहे.

फेरिटिन हजाराच्या वर असल्यामुळे लिव्हरमध्ये व्रण किती पडलेत हे फायब्रोस्कॅनने बघून घ्या. ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. हृदयावर लोहाचा भार असेल तर एकदम ३५० मिलि न काढता २०० ते २५० मिलि काढतात आणि गरज वाटल्यास सलाइन लावतात. बी-१२ आणि फॉलिक ॲसिडची पातळीही आत्ताच तपासा. ते का, ते पुढे येईल.

रक्त कुठे काढायचं? हॉस्पिटलला जोडलेल्या रक्तपेढीत. घरी येऊन रक्ताचे नमुने नेणाऱ्यांकडे किंवा नाक्यावरच्या लॅबमध्ये हे करून घेऊ नका. तिथे चक्कर आली तर सांभाळायची सोय नसते. मध्य रेल्वेच्या मार्गावर सायन आणि केईएम ही महापालिकेची मोठी रुग्णालयं तुम्हाला सोयीची आहेत, खाजगी हॉस्पिटलांच्या रक्तपेढ्याही आहेत. ‘थेरप्युटिक फ्लेबॉटॉमी (म्हणजे उपचार म्हणून रक्त काढणं) करता का, कोणत्या दिवशी, किती शुल्क?’ हे आधी फोनवर विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी मोघम असेल तर रक्तपेढीचे डॉक्टर परत पाठवतात आणि ते योग्यच करतात. चिठ्ठीवर निदान, एका वेळी किती मिलि, किती दिवसांनी, हिमोग्लोबिन कितीच्या खाली असेल तर काढायचं नाही, फेरिटिन कुठवर आणायचं, सलाइन द्यायचं की नाही, आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, एवढं हवं.

रक्त काढायच्या दिवशी उपाशी जायचं नाही. लॅबला उपाशी जायच्या सवयीमुळे बरेच जण इथे चुकतात. दोन-एक तास आधी पोहे-उपमा, पोळी-भाजी असं नेहमीचं खाऊन जायचं, डायबिटीसची गोळी नेहमीप्रमाणे घ्यायची, निघण्याआधी अर्ध्या-एक तासात दोन ग्लास पाणी प्यायचं. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्रातला उपास असेल तर तारीख पुढे-मागे करा. ऑक्टोबरच्या उन्हात आणि मे महिन्यात पाणी आणखी जास्त, कारण अंगातलं पाणी आधीच घामाने गेलेलं असतं आणि चक्कर येण्याचं मोठं कारण तेच असतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू असेल तर त्या सकाळी घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारा.

तिथे गेल्यावर आधी ब्लडप्रेशर, नाडी आणि बोटातून हिमोग्लोबिन बघतात. फेरिटिनचा नमुना द्यायचा असेल तर तो पिशवी भरण्याआधी घ्यायला सांगा, म्हणजे वेगळी सुई टोचावी लागत नाही. दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधून ४० ते ६० च्या दाबावर ठेवतात. कोपराच्या खळग्यातली शीर बोटाने चाचपून त्वचा जंतुनाशकाने पुसतात आणि ती पूर्ण सुकू देतात. ओली असताना टोचलं तर झोंबतं आणि जंतूही पुरते मरत नाहीत. सुई १६ गेजची, म्हणजे नेहमीच्या तपासणीच्या सुईपेक्षा चांगलीच जाड. बारीक सुईने रक्त हळू येतं आणि नळीतच गोठतं, म्हणून जाडी लागतेच. यजमानांना तिची भीती वाटत असेल तर आधी त्वचेत भुलीचं थोडं औषध देता येतं का, हे विचारायला संकोच करू नका. वर्षभर जायचं आहे, पहिल्याच दिवशी धसका बसला तर पुढची तारीख चुकते.

टोचताना हातात शॉक बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली, तर लगेच ‘सुई काढा’ म्हणायचं. मज्जातंतूला धक्का लागल्याची ती खूण असते आणि ती सोसायची नसते. एरवी हातातला चेंडू पाच-दहा सेकंदांनी दाबत राहायचं. पिशवी वजनकाट्यावर असते. १ मिलि रक्ताचं वजन १.०५ ग्रॅमच्या आसपास, म्हणून ३५० मिलि रक्त सुमारे ३७० ग्रॅम भरतं, पिशवी आणि तिच्यातलं न गोठण्याचं द्रव वेगळं. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी भरते. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर शीर साथ देत नाही असं समजायचं. अशा वेळी सुई आत फिरवत बसण्यापेक्षा तिथेच थांबून जेवढं आलं तेवढं लिहून ठेवणं बरं.

सुई निघाली की कोपर दुमडू नका. आपल्याकडे कापूस ठेवून हात दुमडायची सवय सगळ्यांनाच आहे. दुमडल्याने शिरेवरचा दाब नीट राहत नाही, रक्त त्वचेखाली पसरतं आणि दुसऱ्या दिवशी दंड काळा-निळा होतो. हात सरळ, थोडा वर, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कापूस पाच मिनिटं घट्ट दाबून धरायचा. सारखं उचलून बघायचं नाही. मग दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं, सरबत किंवा पाणी प्यायचं, पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं आणि नंतर उठायचं. साखर असल्यामुळे गोड सरबताऐवजी मीठ घातलेलं ताक किंवा बिनसाखरेचं लिंबूपाणी चालेल.

चक्कर यायच्या आधी खुणा दिसतात: जांभया, कपाळावर गार घाम, मळमळ, चेहरा पांढरा पडणं. बोलता बोलता गप्प झाले तरी समजायचं. त्याच क्षणी सांगितलं तर रक्त थांबवून, डोकं खाली आणि पाय वर करून काही मिनिटांत बरं वाटतं. मुंबईत खरा धोका बाहेर पडल्यावर असतो. गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून घरी येऊ नका, दारात तर मुळीच नको. शक्यतो शनिवार घ्या किंवा दुपारी गर्दी ओसरल्यावर निघा आणि पहिल्या तीन-चार वेळा बरोबर जा. त्या दिवशी त्या हाताने जड पिशवी उचलणं, जिम, मोटरसायकल बंद. दोन्ही हात आलटून-पालटून वापरा. एकाच जागी सारखं टोचून शीर कडक होते आणि पुढची वर्षं अवघड जातात.

घरी एक वही करा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा भाग आहे. तारीख, आधीचं हिमोग्लोबिन, आधीचं-नंतरचं ब्लडप्रेशर, किती मिलि, कोणता हात, किती मिनिटं लागली, त्रास काय झाला. शेवटच्या रकान्यात किती लोह गेलं ते: मिलि गुणिले हिमोग्लोबिन भागिले १००, त्याला गुणिले ३.४. ही बेरीज पुढे डॉक्टरांनाही उपयोगी पडते, कारण फेरिटिन तळाला येईपर्यंत एकूण किती ग्रॅम निघालं, यावरून मुळात साठा किती होता ते कळतं.

किती दिवस लागतील? मुळातला साठा किती आहे, त्यावर ते ठरेल. समजा ४ ग्रॅम जादा आहे. ४००० भागिले १६५ म्हणजे २४ पिशव्या, पंधरा दिवसांनी एक धरली तर जवळपास वर्ष. त्यात मधल्या काळात आतडं परत घेतं तेही धरा. साठा कमी होत जातो तसं आतडं आणखी हावरटपणे लोह घेतं, म्हणून ‘या महिन्यात राहू दे’ करत दोन तारखा चुकवल्या तर मागे पडायला होतं. तब्येतीने साथ दिली तर काही डॉक्टर आठवड्याला एक पिशवी काढतात, त्यामुळे काळ निम्मा होतो. तुमच्या यजमानांच्या ५८ किलो वजनात अंदाजे ४ लिटर रक्त आहे, तेव्हा ३५० पासून सुरुवात योग्यच. तीन-चार वेळा काही त्रास झाला नाही तर ४५० बद्दल विचारता येईल.

हिमोग्लोबिन दर वेळी बघायचंच. सुरुवातीला एखाद-दीड पॉइंट उतरून ते स्थिरावतं. १२ च्या खाली गेलं तर दोन पिशव्यांतलं अंतर वाढवतात, ११ च्या खाली गेलं तर थांबून कारण शोधतात. इथेच आपल्याकडची नेहमीची गफलत होते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं आणि डायबिटीसची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते कमी होतं. साठा लोहाने तुडुंब असतो, पण बी-१२ नसल्यामुळे मज्जेला पेशी बनवता येत नाहीत. हिमोग्लोबिन १०.५ दिसतं, जवळचे डॉक्टर सद्भावनेने लोहाचं टॉनिक लिहून देतात आणि चार महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडतं. म्हणून हिमोग्लोबिन उतरलं तर आधी बी-१२ आणि फॉलिक ॲसिड बघा. लोहाची गोळी, इंजेक्शन, लोह घातलेली मल्टिव्हिटॅमिन काहीही रक्त काढायला सांगणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा.

एचबीए१सी या, गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीचंही लक्षात असू द्या. सारखं रक्त काढल्याने अंगात कोवळ्या तांबड्या पेशी जास्त असतात, त्यांच्यावर साखर चढायला वेळ मिळालेला नसतो, म्हणून हा आकडा खोटा चांगला येतो. ८.२ चा ६.८ झाला म्हणून डायबिटीसची गोळी कमी करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघूनच ठरवा, आणि डायबिटीसच्या डॉक्टरांना रक्त काढणं चालू असल्याचं आवर्जून सांगा. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे फायली असल्या की हे नेमकं राहून जातं.

फेरिटिन सुरुवातीला महिन्यातून एकदा पुरे. २०० च्या आसपास आलं की एक-दोन पिशव्यांगणिक तपासायचं, म्हणजे खाली निसटत नाही. ५० पर्यंत आणायचं आणि मग देखभालीचा टप्पा सुरू होतो: वर्षाला २ ते ६ पिशव्या, फेरिटिन ५० ते १०० च्या दरम्यान, आयुष्यभर. मधे फेरिटिन अचानक वाढलं तर घाबरण्याआधी आठवा, त्या आठवड्यात ताप, दाढेचं दुखणं, व्हायरल असं काही होतं का. तापात फेरिटिन उगाच चढतं, तीन-चार आठवड्यांनी परत तपासा. आणि ५० वर पोचल्यावर ‘आता बरे झाले’ म्हणून सोडून देऊ नका. जनुक बदललेलं नसतं. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, कारण माणसाला बरं वाटत असतं आणि साठा पुन्हा मुकाट्याने भरत जातो.

रक्ताचं काय होतं? उपचाराच्या टप्प्यातलं ते रक्त कुणाला देता येत नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार पुरुषाने दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं आणि दाता निरोगी असावा लागतो. म्हणून ती पिशवी ‘रुग्णाला देऊ नये’ अशी खूण करून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन अशा काही देशांत निकष पुरे करणाऱ्या या रुग्णांचं रक्त दानात घेतात. इथे देखभालीच्या टप्प्यात तीन-चार महिन्यांचं अंतर पडायला लागलं की रक्तपेढीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना सगळं सांगून विचारा, निर्णय त्यांचा. मंडळाच्या शिबिरात आजार लपवून मात्र रक्त देऊ नका. कुणाचा तरी जीव त्या पिशवीवर अवलंबून असतो, आणि तुमच्या वहीतला हिशोबही बिघडतो.

खाण्याचं त्यांच्या आवडीप्रमाणे बरंचसं तसंच राहू द्या. पालक, मेथी, डाळी बंद करायच्या नाहीत, वनस्पतींतलं लोह कमी शोषलं जातं. मटण, विशेषतः कलेजी, कमी करा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला तर लोह कमी शोषलं जातं, एरवी नको म्हणतात तो चहा इथे चालतो. फळं खाऊ द्या, पण व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या नकोत. चिंच, कोकम, टोमॅटोचं आंबट लोखंडी कढईत करू नका, त्यात लोह खूप उतरतं. त्यासाठी स्टीलचं पातेलं घ्या, भाकरीचा तवा असू द्या. मिठाच्या आणि पिठाच्या पाकिटावर ‘लोहयुक्त’ लिहिलंय का ते वाचा. रेशनवरचा तांदूळ फोर्टिफाइड असेल तर त्यातही लोह घातलेलं असतं, किलोला २८ ते ४२.५ मिलिग्रॅम. पर्याय असेल तर त्यांच्यासाठी साधा तांदूळ घ्या. नसेल तर त्या भातापायी जीव काढू नका, पिशवी ते भरून काढते. रक्त काढल्यावर खजूर, बीट, डाळिंब द्यायची सासूबाईंची इच्छा असेल तर साखर सांभाळून थोडं देऊ द्या, तेवढ्याने काही अडत नाही. दारू मात्र लिव्हरचा अहवाल येईपर्यंत थेंबभरही नको, आणि लिव्हरवर व्रण असतील तर कायमची बंद.

वैद्यांकडची औषधं घरात असतील तर डब्यावरचे घटक वाचा. लिव्हरसाठी म्हणून सर्रास दिली जाणारी आरोग्यवर्धिनी, तसंच चंद्रप्रभा वटी यांत लोहभस्म असतं. पुनर्नवा मंडूर, लोहासव, नवायस लोह यांत तर लोह हा मुख्य घटकच आहे. वैद्य जाणकार असतील तर त्यांना फेरिटिनचा आकडा दाखवा, ते स्वतःच बदलून देतील.

मासळीचं एक पथ्य कडक पाळा. लोह साठलेल्या माणसाला समुद्री पाण्यातल्या व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जंतूचा संसर्ग जिवावर बेतू शकतो. कालवं, तिसऱ्या, शिवल्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या कधीच नकोत. उकळून नीट शिजवलेल्या चालतील. बोटाला कापलेलं असताना त्यांनी खेकडे-तिसऱ्या साफ करायला बसू नये, जखम उघडी ठेवून समुद्रात उतरू नये. मासळीनंतर किंवा अशा जखमेनंतर थंडी-ताप आला, पाय सुजून लाल झाला, तर रात्र काढू नका. कॅज्युअल्टीत जा आणि पहिल्याच वाक्यात हा आजार सांगा.

काय सुधारेल आणि काय नाही, याची आधीच कल्पना असू द्या. थकवा, लिव्हरचे वाढलेले आकडे, त्वचेचा काळपटपणा, हृदयावरचा भार हे सहसा कमी होतं. लिव्हरवरचे व्रण सिऱ्होसिसपर्यंत (लिव्हर कायमचं कडक होण्यापर्यंत) गेले नसतील तर तेही काही प्रमाणात भरतात. बोटांचे सांधे मात्र बऱ्याचदा दुखतच राहतात आणि डायबिटीस क्वचितच पूर्ण जातो. ‘एवढं रक्त काढूनही बोटं दुखतातच’ म्हणून उपचार सोडायची पाळी यजमानांवर येऊ नये. सिऱ्होसिस निघाला तर फेरिटिन ५० असलं तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका राहतो. काही कारणाने रक्त काढणं झेपलंच नाही, तर लोह बांधून काढणाऱ्या डेफेरासिरॉक्ससारख्या गोळ्या आहेत. त्यांत किडनी-लिव्हर सारखं तपासावं लागतं, म्हणून त्या दुसऱ्या क्रमांकावर.

तुमच्या पत्रात यजमानांच्या भावंडांचा उल्लेख नाही, पण हे काम या आठवड्यातच करायचं आहे. हा आजार बहुतेक प्रकारांत आई-वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली की होतो, म्हणून प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता २५ टक्के असते. दीर आणि नणंद दोघांनी फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन तपासून घ्यावं, त्रास काही नसला तरी. नणंदेला पाळी चालू असेपर्यंत दर महिन्याला थोडं लोह जातं, त्यामुळे बायकांत हा आजार उशिरा दिसतो, तेव्हा तिचा आकडा आत्ता ठीक आला तरी काही वर्षांनी परत बघायचा. मुलांकडे एक सदोष प्रत असणारच, पण तुमच्याकडून दुसरी आली नसेल तर त्यांना आजार होत नाही. याला अपवाद दोन. तुमचं लग्न नात्यात, मामेबहीण-आतेभाऊ असं झालेलं असेल, तर मुलांची शक्यता वाढते. आणि दोष फेरोपोर्टिनच्या जनुकात असेल तर एकच प्रत पुरते आणि प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता असते. लहान वयात दिसणारे प्रकारही आहेत. तेव्हा पुढच्या भेटीला जनुकांचा अहवाल बरोबर न्या, मुलांची वयं सांगा आणि त्यांची तपासणी कधी करायची ते चिठ्ठीवर लिहूनच घ्या.